अंतराळातील हलके लढाऊ यान : विज्ञानकथेतील एक प्रतिमा आणि गतीचे नियम

प्रस्तावना

विज्ञानकथा हा वाङ्मयप्रकार विज्ञान आणि साहित्य या दोन ज्ञानशाखांच्या सीमेवर उभा आहे. त्यामुळे त्याचा अभ्यास कोणी करावयाचा, हा प्रश्न महाविद्यालयीन स्तरावर बहुधा अनुत्तरितच राहतो. भाषेच्या प्राध्यापकाला त्यातील विज्ञान परके वाटते आणि विज्ञानाच्या प्राध्यापकाला त्यातील कथा अभ्यासक्रमाबाहेरची वाटते. विद्यार्थी मात्र या दोहोंची वाट न पाहता चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका व संगणकीय खेळ यांतून अंतराळाविषयीच्या आपल्या कल्पना घडवीत असतो. या कल्पनाविश्वातील सर्वांत परिचित वस्तू म्हणजे एका वैमानिकाचे, चपळ, हलके लढाऊ यान होय. ते मोठ्या मातृयानातून झेपावते, कलत वळते, शत्रूच्या पाठीमागे लागते आणि कामगिरी संपवून परत येते.

प्रस्तुत लेखात या काल्पनिक यानाची चिकित्सा केली आहे. अशा यानाची प्रतिमा कोठून आली, गतीच्या नियमांपुढे ती कितपत टिकते, प्रत्यक्षात तशा यानाचे कोणते प्रयत्न झाले आणि मराठी विज्ञानकथेने त्याच्याविषयी कोणती भूमिका घेतली, हे चार प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. हे यान म्हणजे अंतराळाचा वेश घेतलेले विमान आहे आणि तो वेश उतरविण्याची प्रक्रिया हाच पदवी स्तरावरील गतिशास्त्राचा एक उत्तम पाठ ठरू शकतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

'हलके' या विशेषणाचा अर्थ

लढाऊ विमानाच्या संदर्भात 'हलके' या शब्दाला निश्चित तांत्रिक अर्थ आहे. भारताचे 'तेजस' हे हलक्या लढाऊ विमानाचे आपल्या परिचयाचे उदाहरण होय. त्याचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूर येथे झाले आणि १ जुलै २०१६ रोजी ते भारतीय वायुदलात दाखल झाले. रिकाम्या तेजसचे वजन सुमारे ६.५ टन, तर उड्डाणसमयीचे कमाल वजन सुमारे १३.५ टन आहे. महाराष्ट्राशीही त्याचा संबंध आहे. नाशिकजवळील ओझर येथे उभारलेल्या नव्या उत्पादन साखळीतील पहिल्या तेजसने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात झेप घेतली.

विमान हलके असू शकते, कारण त्याला लागणारे बरेच काही वातावरण पुरविते. १ किलोग्रॅम केरोसीन पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे ३.४ किलोग्रॅम ऑक्सिजन लागतो. विमान तो वाटेत हवेतून घेते, सोबत वाहून नेत नाही. वळण्यासाठी, वेग कमी करण्यासाठी आणि तरंगत राहण्यासाठीही ते हवेचाच आधार घेते. अंतराळात हवा नाही. म्हणून तेथे विमानाचे हलकेपण निर्माण करणारी कारणेच नाहीशी होतात. विज्ञानकथेतील यानाने मात्र ही कारणे मागे टाकून परिणाम तेवढा उचलला आहे.

प्रतिमेचे मूळ

या प्रतिमेचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढतींमध्ये सापडते. १९७७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटातील अंतिम लढाईची आखणी करताना दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांनी हवाई युद्धाच्या जुन्या चित्रपटांतील दृश्ये एकत्र जोडून नमुना म्हणून वापरली होती. साहजिकच त्या लढाईतील याने विमानांप्रमाणे कलतात, घरघरतात आणि सूर मारतात. १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय' या चित्रपटात 'ए-विंग' नावाचे आणखी हलके व वेगवान यान अवतरले. तत्पूर्वी, १९७८ मध्ये 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेने विमानवाहू नौकेची संपूर्ण व्यवस्थाच अंतराळात नेऊन ठेवली होती.

या परंपरेत एक लक्षणीय अपवाद आढळतो. १९९० च्या दशकातील 'बॅबिलॉन ५' या मालिकेतील 'स्टारफ्युरी' हे यान वळण्यासाठी कलत नाही. त्याची इंजिने चार पसरलेल्या भुजांच्या टोकांवर बसविलेली आहेत. त्यामुळे ते आपल्या मार्गावरून पुढे सरकत असतानाच स्वतःभोवती फिरून मागे तोंड करू शकते. जडत्वाचा नियम पाळणारे यान पडद्यावरही आकर्षक दिसू शकते, याचा हा पुरावा होय.

वळणाचा प्रश्न

विजापूर रस्त्यावरून जुळे सोलापूरकडे वळणारा दुचाकीस्वार आतील बाजूस कलतो. वळणासाठी आवश्यक असलेले अभिकेंद्री बल त्याला रस्ता व चाक यांच्यातील घर्षणातून मिळते आणि तोल सांभाळण्यासाठी कलणे भाग पडते. विमान कलते तेव्हा पंखांवरील उचल देणाऱ्या बलाचा एक घटक वळणाच्या केंद्राकडे वळतो. दोन्ही उदाहरणांत बाहेरील माध्यमाला ढकलण्याची सोय आहे. अंतराळयानाला ढकलण्यासाठी स्वतःच्या टाकीतील वायूखेरीज काहीही नाही. तेथे कलून काही साधत नाही.

यासाठी एक सोपे गणित मांडता येईल. यानाचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर आहे आणि वैमानिकाला सहन होईल असे गुरुत्वत्वरणाच्या ९ पट त्वरण वापरून ते वर्तुळाकार वळण घेते, असे मानू. वेगाच्या वर्गाला त्वरणाने भागले असता वळणाची त्रिज्या सुमारे १०२ किलोमीटर येते. वळणाचे केंद्र सोलापूर मानले, तर यानाचा मार्ग विजापूरच्याही पलीकडून जाईल. अर्धे वर्तुळ पूर्ण करण्यास पावणेदोन मिनिटांहून अधिक काळ लागेल. पडद्यावर दिसणारे क्षणार्धातील वळण या वेगाला शक्य नाही.

याच उदाहरणातून आणखी एक निष्कर्ष निघतो. अर्धवर्तुळाकार वळणासाठी खर्च होणारा एकूण वेगबदल हा मूळ वेगाच्या ३.१४ पट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९.४ किलोमीटर असतो. त्याऐवजी यानाने जागच्या जागी तोंड फिरविले, सरळ रेषेत वेग शून्यावर आणला आणि उलट दिशेने तेवढाच वेग घेतला, तर हा खर्च सेकंदाला ६ किलोमीटर एवढाच होतो. म्हणजेच विमानासारखे डौलदार वळण अंतराळात अधिक महाग पडते.

इंधनाचे गणित

सोलापूरच्या वाचकाला यंत्रमागाचा धोटा परिचित आहे. प्रत्येक फेरीत त्याला एका टोकाकडून ढकलावे लागते, दुसऱ्या टोकाला थांबवावे लागते आणि पुन्हा उलट ढकलावे लागते. ही ढकल व हा अडसर दोन्ही माग पुरवितो. मातृयानातून निघून परत येणाऱ्या लढाऊ यानाची स्थितीही धोट्यासारखीच आहे. फरक एवढाच की त्याला थांबविणारा माग अंतराळात नाही. निघताना वेग घेणे, लक्ष्याजवळ तो शून्यावर आणणे, परतीचा वेग घेणे आणि मातृयानाजवळ पुन्हा थांबणे, असे चार वेगबदल त्याला स्वतःच्या इंधनावर करावे लागतात.

कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणानुसार, अग्निबाणाच्या वेगातील एकूण बदल हा उत्सर्जित वायूचा वेग आणि आरंभीच्या व अखेरच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम यांच्या गुणाकाराएवढा असतो. द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन वापरणाऱ्या उत्तम इंजिनातून वायू सेकंदाला सुमारे ४.४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. प्रत्येक टप्प्याला ३ किलोमीटर याप्रमाणे चार टप्प्यांचा एकूण वेगबदल सेकंदाला १२ किलोमीटर होतो. त्यासाठी वस्तुमानांचे गुणोत्तर सुमारे १५.३ असावे लागते. रिकामे यान १० टनांचे असेल, तर त्याने सोबत सुमारे १४३ टन इंधन व ऑक्सिजन वाहून नेला पाहिजे. अशा यानाला हलके म्हणता येणार नाही.

याउलट, परत न येणारे क्षेपणास्त्र विचारात घेऊ. त्याला सेकंदाला ३ किलोमीटर एवढा एकच वेगबदल करावयाचा असतो. त्याचे गुणोत्तर २ हून किंचित कमी येते. १ टनाच्या क्षेपणास्त्राला सुमारे १ टन इंधन पुरते. यावरून स्पष्ट होते की, अंतराळातील हलकेपणाचा खरा शत्रू परतीचा प्रवास आहे आणि परतीचा प्रवास आवश्यक ठरतो तो वैमानिकामुळे.

लपण्याचा प्रश्न

हलके यान लहान असल्यामुळे शत्रूच्या नजरेतून निसटते, हा समजही विमानावरून आलेला आहे. माणूस ज्या तापमानात जगू शकतो त्या सुमारे ३०० केल्व्हिन तापमानाचा पृष्ठभाग, तो आदर्श उत्सर्जक मानला तर, स्टेफान-बोल्ट्झमन नियमानुसार दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. १०० चौरस मीटर पृष्ठभागाचे यान इंजिन बंद असतानाही सुमारे ४६ किलोवॅट ऊर्जा उत्सर्जित करीत राहील. पाठीमागे असते ते सुमारे २.७ केल्व्हिन तापमानाचे वैश्विक पार्श्वप्रारण. या शीत पार्श्वभूमीवर ते यान संवेदनशील अवरक्त दुर्बिणीला अंधाऱ्या माळावरील शेकोटीसारखे दिसेल. विमानाला लपण्यासाठी ढग, डोंगर व क्षितिज असते. मोकळ्या अंतराळात यांपैकी काहीही नाही.

वैमानिकाची अंतःप्रेरणा

यंत्र सदोष असले तरी कुशल वैमानिक ते निभावून नेईल, असा युक्तिवाद कथेत नेहमी केला जातो. या युक्तिवादाची कसोटी पाहणारी एक घटना अंतराळप्रवासाच्या इतिहासात नोंदलेली आहे. जून १९६५ मध्ये 'जेमिनी ४' या यानाचे प्रमुख जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. मॅकडिव्हिट हे कोरियन युद्धात लढाऊ विमाने चालविलेले अनुभवी वैमानिक होते. त्यांनी वैमानिकाच्या सवयीनुसार यानाचे तोंड लक्ष्याकडे केले आणि इंजिन चालविले. अंतर अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाही. इंधन झपाट्याने संपू लागल्याने प्रयत्न सोडून द्यावा लागला.

यात वैमानिकाच्या कौशल्याची उणीव नव्हती. कक्षेत पुढे असलेल्या वस्तूच्या दिशेने वेग वाढविला की यान अधिक उंच कक्षेत जाते आणि तेथे त्याचा परिभ्रमणकाळ वाढून ते मागे पडते. पुढच्याला गाठण्यासाठी प्रथम वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावे लागते. हा नियम अंतःप्रेरणेच्या विरुद्ध आहे. त्यासाठी गणित लागते आणि ते गणित संगणक अधिक विश्वासाने करतो.

माणसाच्या शारीरिक मर्यादाही येथे विचारात घेतल्या पाहिजेत. ४०० किलोमीटर उंचीवरील यान सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने फिरते. या वेगाने सोलापूर-पुणे हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर ३३ सेकंदांत कापले जाईल. दोन यानांचा सापेक्ष वेग याच श्रेणीतील असेल, तर २ किलोमीटरचे अंतर पाव सेकंदात संपते. मानवी प्रतिक्रियेला लागणारा काळ जवळपास तेवढाच आहे. नेम धरणारा डोळा व कळ दाबणारे बोट यांना अशा लढतीत स्थान उरत नाही.

प्रत्यक्षातील प्रयत्न

लढाऊ अंतराळयानाची कल्पना केवळ कथेपुरती राहिली नाही. अमेरिकेने एका वैमानिकाच्या 'डायना-सोर' या अंतराळविमानाची योजना आखली, परंतु डिसेंबर १९६३ मध्ये ती रद्द झाली. सोव्हिएत संघाने १९६० च्या दशकात ग्लेब लोझिनो-लोझिन्स्की यांच्या नेतृत्वाखाली 'स्पिराल' ही योजना हाती घेतली. तीतील एकआसनी कक्षीय विमान हे विज्ञानकथेतील हलक्या लढाऊ यानाच्या सर्वांत जवळ जाणारे होते. त्याच्या चाचणी-प्रतिकृतीची वातावरणातील उड्डाणे १९७६ ते १९७८ या काळात झाली. मूळ विमान कक्षेत कधीही गेले नाही.

सोव्हिएत संघाच्याच 'सॅल्युत ३' या स्थानकावर तोफ बसविलेली होती. जानेवारी १९७५ मध्ये, स्थानकात एकही अंतराळवीर नसताना, ती दूरनियंत्रणाने चालविण्यात आली. तोफ स्थानकाला पक्की जोडलेली असल्याने नेम धरण्यासाठी संपूर्ण स्थानक फिरवावे लागे आणि गोळीबाराची प्रतिक्रिया इंजिनाच्या बलाने तोलावी लागे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला चित्रपटाप्रमाणे येथे सुटी देता आली नाही.

भारताने २७ मार्च २०१९ रोजी 'मिशन शक्ती' या मोहिमेत आपलाच 'मायक्रोसॅट-आर' हा उपग्रह सुमारे २८० किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने नष्ट केला. त्या क्षेपणास्त्रात वैमानिक नव्हता आणि परतीची योजनाही नव्हती. केवळ वेगाने आदळणे हेच त्याचे शस्त्र होते. मागील परिच्छेदांतील गणित ज्या निष्कर्षाकडे नेते, तोच येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. दुसरीकडे, 'स्पेडेक्स' मोहिमेत सुमारे २२० किलोग्रॅमच्या दोन भारतीय यानांनी १६ जानेवारी २०२५ रोजी कक्षेत परस्परांशी यशस्वी जोडणी केली. दुसऱ्या यानाजवळ अलगद जाण्याचे हे कौशल्य दुरुस्तीसाठी उपयोगी आहे आणि संघर्षासाठीही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी अंतराळदलाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने चिनी उपग्रहांच्या परस्परांभोवतीच्या हालचालींना उद्देशून हवाई झुंजीसाठीचाच शब्द वापरला. शब्द जुना राहिला, परंतु झुंजणारी याने मानवरहित होती.

अशा संघर्षाची किंमत कथेत क्वचितच दिसते. चित्रपटात फुटलेले यान ज्वाळेसह नाहीसे होते. प्रत्यक्षात चीनने ११ जानेवारी २००७ रोजी सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर स्वतःचा उपग्रह फोडला, तेव्हा मागोवा घेता येतील असे ३,००० हून अधिक तुकडे निर्माण झाले. त्यांतील अनेक तुकडे दशकांपर्यंत फिरत राहणारे आहेत. १९६७ च्या बाह्य अंतराळ कराराने कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यास मनाई केली, परंतु इतर शस्त्रांवर सरसकट बंदी घातली नाही. म्हणून अंतराळयुद्धाचे चित्र विद्यार्थ्याच्या मनात कसे उमटते, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही. हवामान, दळणवळण व दिशादर्शन या दैनंदिन सेवा त्याच कक्षांवर अवलंबून आहेत.

मराठी विज्ञानकथेची भूमिका

वरील चर्चेतील प्रतिमा प्रामुख्याने परदेशी चित्रपटांनी रुजविली. मराठी विज्ञानकथेचा प्रवास वेगळ्या मार्गाने झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कथेने मराठी वाचकाला अंतराळाची ओळख करून दिली आणि पुढे भा. रा. भागवत यांनी व्हर्न यांचे साहित्य बालकुमारांपर्यंत पोहोचविले. व्हर्न यांचे यान तोफेतून डागलेला गोळा होता. त्या धक्क्यातून प्रवासी जिवंत राहिले नसते, हे खरे. परंतु कथेने वेग व अंतर यांचा हिशेब वाचकापुढे मांडला होता.

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेने या प्रवाहाला बळ दिले. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा या स्पर्धेसाठी पाठविली आणि तिला प्रथम पारितोषिक मिळाले. १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. पुढे २०२१ मध्ये नाशिक येथील ९४ व्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुणे येथे निधन झाले.

नारळीकरांच्या 'धूमकेतू' या कथेत पृथ्वीवर येऊ घातलेल्या धूमकेतूचा मार्ग अण्वस्त्रे वाहून नेणाऱ्या यानाच्या साहाय्याने बदलला जातो. या कथेतही यान आहे, स्फोट आहे आणि मानवजातीचे अस्तित्व पणाला लागलेले आहे. परंतु कथेचा प्रश्न वेळेवर केलेल्या गणिताचा आणि त्या गणितावर समाजाच्या विश्वासाचा आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी 'डार्ट' या मानवरहित यानाने सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने 'डायमॉर्फस' या लघुग्रहावर आदळून त्याचा परिभ्रमणकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटविला. साधन वेगळे असले तरी मार्ग बदलण्याची मूळ कल्पना तीच होती.

बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे व सुबोध जावडेकर यांच्या लेखनानेही या परंपरेला समृद्ध केले. तिच्या प्रमुख धारेत यंत्रापेक्षा नियमाला व त्याच्या मानवी परिणामाला अग्रस्थान मिळाले, असे म्हणता येईल. ही तिची शक्ती आहे. तथापि, साहस व गती यांचे आकर्षण असलेला तरुण वाचक यामुळे परदेशी प्रतिमांकडे वळतो, ही मर्यादाही मान्य केली पाहिजे. नियम पाळणारे लढाऊ यान घेऊनही उत्कंठावर्धक मराठी कथा लिहिता येईल. इंधनाचा प्रत्येक किलोग्रॅम मोजणारी, लपण्यास जागा नसलेली, प्रत्येक निर्णय कित्येक तास आधी घ्यावा लागणारी लढाई ही नाट्याच्या दृष्टीने कमी संपन्न नाही.

अध्यापनातील उपयोग

या विषयाचा उपयोग वर्गात तीन प्रकारे करता येईल. पहिला, चित्रपटातील एखादे दृश्य दाखवून त्यातील यानावर कोणकोणती बले कार्य करीत असावीत, हे विद्यार्थ्यांना रेखाटण्यास सांगावे. गतीसाठी सतत बल हवेच, ही न्यूटनपूर्व समजूत पदवी वर्गापर्यंत टिकून असल्याचे या रेखाटनातून चटकन लक्षात येते. दुसरा, वर दिलेली वळणाची व इंधनाची गणिते निरनिराळे वेग घेऊन सोडवून घ्यावीत. तिसरा, मराठी व भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे विद्यार्थ्यांकडून नियमांशी प्रामाणिक राहणारी लघुकथा लिहून घ्यावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अपेक्षित असलेल्या बहुविद्याशाखीय अध्ययनाला यासाठी वेगळी साधनसामग्री लागत नाही.

समारोप

विज्ञानकथेतील हलके लढाऊ यान हवेच्या आधारावर जन्मले आणि हवा नसलेल्या ठिकाणी नेले गेले. वळण, इंधन, उष्णता व मानवी शरीर या चारही कसोट्यांवर ते टिकत नाही. ज्या प्रमाणात त्याला हलके करावे, त्या प्रमाणात प्रथम परतीचा प्रवास आणि मग वैमानिक गळून पडतो. शेवटी उरते ते मानवरहित क्षेपणास्त्र अथवा उपग्रह. शौर्याला चेहरा हवा असतो, म्हणून कथेने वैमानिकाला त्या आसनावर बसविले. साहित्याची ही गरज समजून घ्यावी आणि निसर्गनियमही सोडू नये, हे संतुलन विद्यार्थ्याला शिकविणे हे विज्ञान व साहित्य या दोन्ही शाखांच्या प्राध्यापकांचे समान कार्य आहे. अंतराळातील संघर्ष आता कल्पनेच्या कक्षेबाहेर आलेला असताना या कार्याचे महत्त्व अधिकच वाढले आहे.